जागल कुणी करायची?

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, उमरखेड तालुक्यात ढाणकी आहे. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो आणि अलीकडे अभयारण्याचे सागवान. जंगल जवळ असल्यामुळे पीक भरात आले की रानडुकरे आणि रोही यांची धाड ठरलेली. मग शेतकरी जागलीला जातो. मचाणावर कांबळे, हाताशी बॅटरी आणि बडवायला पत्र्याचा डबा. जागलीत जनावराशी झुंजायचे नसते. ते धुऱ्यावर आले तेव्हाच चाहूल लागली पाहिजे. तासात शिरल्यावर आरडाओरडा करून नासाडी थोडी कमी होते, एवढेच.

ख्रिस्ती परंपरेत 'जागृत राहा' ही आज्ञा जवळपास याच अर्थाने घेतली गेली आहे. गेथशेमाने बागेत येशूने शिष्यांना आपल्याबरोबर जागे राहायला सांगितले आणि परत येऊन पाहतो तो तिघेही झोपलेले. असे तीनदा झाले. त्यांतला एक पेत्र. त्याच्याच नावावर असलेल्या पत्रात पुढे सावध राहण्याचा इशारा येतो, सैतान सिंहासारखा फिरतो आहे म्हणून. झोपलेल्यानेच पुढे जागे राहायला सांगावे, हे या परंपरेला कधी खटकले नाही. उलट, सावधपणाची शिकवण पडलेल्या माणसाकडूनच घ्यावी असा तिचा कल दिसतो.

ही जागल नेमकी कशाची, याचा बारकाईने अभ्यास झाला तो चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात. इव्हाग्रिअस नावाचा संन्यासी (मृत्यू 399) तिथे राहत होता. माणसाच्या मनात शिरणाऱ्या विचारांची त्याने आठ प्रकारांत मांडणी केली: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, उबग, प्रसिद्धीची हाव आणि गर्व. षड्रिपू पाठ असलेल्या मराठी वाचकाला यातली बरीच मंडळी ओळखीची वाटतील, पण उबग नवा आहे. इव्हाग्रिअसने त्याचे केलेले वर्णन आजही हसू आणते. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या सुमारास संन्याशाला सूर्य जागचा हलत नाही असे वाटू लागते. तो खोपटाबाहेर डोकावतो, कुणी भेटायला येते आहे का पाहतो, आणि दुसऱ्या गावी आपली साधना कशी छान झाली असती याची स्वप्ने रंगवतो. हातात मोबाइल नसतानाची ही अवस्था आहे.

इव्हाग्रिअसचा मुख्य मुद्दा असा की विचार मनात येणे आपल्या हातात नसते. त्याला बसायला पाट द्यायचा की नाही, हे असते. पुढच्या साऱ्या ख्रिस्ती आत्मसंयमनाचा पाया हाच. मात्र वाळवंटातल्या या माणसांनी आणखी एक गोष्ट केली होती आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. एकांतात राहूनही ते आपले विचार वडीलधाऱ्या संन्याशासमोर जाऊन उघड करत. स्वतःवर एकट्याने पहारा ठेवता येतो, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

प्रॉटेस्टंट सुधारणेने या साधनेच्या मुळावरच प्रश्न ठेवला. मार्टिन ल्यूथरने मठात उपासतापास करून प्रकृती खराब करून घेतली होती, आणि शांती मिळाली नव्हती. तारण कृपेने मिळते, कमाईने नाही, हे त्याचे म्हणणे मान्य केले तर मग शिस्त कशासाठी? या प्रश्नाला सर्वांत व्यवहारी उत्तर दिले ते जॉन वेस्लीने, आणि यवतमाळ जिल्ह्याशी थेट नाते आहे ते याच उत्तराचे.

वेस्ली ऑक्सफर्डमध्ये असताना पहाटे चारला उठे, बुधवारी-शुक्रवारी उपास करी, तासातासाची नोंद डायरीत ठेवी. एवढे करूनही तो अस्वस्थच. 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका छोट्या सभेत त्याला कृपेचा अनुभव आला. त्यानंतर त्याने शिस्त सोडली नाही. तिची जागा बदलली. आता ती तारणाची किंमत राहिली नाही, तारण मिळालेल्यांची राहणी झाली. पण ही राहणी हजारो खाणकामगारांत आणि विणकरांत टिकवायची कशी? ब्रिस्टलला 1742 च्या फेब्रुवारीत उपाय सापडला तो चक्क कर्जापायी. सभागृहाचे कर्ज फेडायचे होते. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. अकरा-अकरा जण एकेकाकडे सोपवावेत, त्याने घरोघर जाऊन गोळा करावी आणि ज्याला जमत नसेल त्याची स्वतः भरावी. वसुलीला गेलेल्या माणसांना घरातले खरे चित्र दिसू लागले. कुठे नवरा दारू पिऊन पडलेला, कुठे बायकोशी भांडण. त्यांनी येऊन वेस्लीला सांगितले आणि वेस्लीच्या लक्षात आले की आपल्याला हवी होती ती देखरेख हीच. पेनीच्या निमित्ताने 'क्लास मीटिंग' जन्माला आली: बाराएक माणसे, आठवड्यातून एकदा, आणि 'तुझ्या आत्म्याचे कसे चालले आहे' या आशयाचा प्रश्न.

त्याच सुमारास किंग्जवूडच्या कोळसा खाणीतले कामगार, जे पूर्वी शनिवारची रात्र गुत्त्यात काढत, ते रात्र जागून प्रार्थना करू लागले. वेस्लीच्या अनुयायांची, म्हणजे मेथडिस्टांची, 'वॉच नाईट' ती हीच. आज महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये 31 डिसेंबरच्या रात्री भक्ती होते, तिचे एक मूळ त्या गुत्त्यातून उठलेल्या माणसांपर्यंत जाते.

यवतमाळला ही परंपरा आणली फ्री मेथडिस्टांनी. 1860 मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ वेगळा निघाला. चर्चमधले बाक पैसेवाल्यांना भाड्याने देऊ नयेत, ते सर्वांना मोकळे असावेत, आणि गुलामगिरीला थारा नसावा, ही त्यांची मागणी. 1881 मध्ये अर्नेस्ट आणि फिबी वॉर्ड हे दांपत्य भारतात आले आणि बऱ्हाणपूरला काम करू लागले. पुढे यवतमाळ हे मिशनचे मुख्य ठाणे झाले. उमरीचा दवाखाना याच मिशनचा. 1953 मध्ये यवतमाळलाच युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली आणि 1983 मध्ये पुण्याला जाईपर्यंत, तीस वर्षे, देशभरातले पाळक या कापसाच्या जिल्ह्यात घडले.

मेथडिस्टांच्या नियमपुस्तकाचे नावच 'डिसिप्लिन'. फ्री मेथडिस्टांचे त्यातही कडक: दारू नाही, तंबाखू नाही, सोन्याचा आणि भारी कपड्यांचा थाट नाही, गुप्त मंडळांचे सभासदत्व नाही. विदर्भाच्या दृष्टीने तंबाखूचा नियम सर्वांत अवघड म्हणायचा. मोहाची दारू सोडलेला माणूस सापडतो. खर्रा सोडलेला शोधावा लागतो. राज्याने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये दारूबंदी झाली आणि 2021 मध्ये उठलीही. सरकारी बंदीचे काय होते ते इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. त्या मानाने मंडळीची बंदी, म्हणजे ज्यांच्याबरोबर रविवारी बसायचे त्यांच्या नजरेची बंदी, जास्त काम करते. दारू सुटल्यामुळे घरात धान्य आणि पोरांच्या हातात पुस्तक आले, अशा साक्षी या भागातल्या चर्चमध्ये नेहमी ऐकू येतात आणि त्या खोट्या मानायचे कारण नाही.

तरीही इथे एक घोटाळा होतो. दिसणाऱ्या पापांची यादी सोपी असते. तिच्यावर खूण करत जाता येते. दारू नाही, बरोबर. खर्रा नाही, बरोबर. रविवारची हजेरी, दशांश, बरोबर. इव्हाग्रिअसच्या यादीत मात्र आठांतले जेमतेम दोन शरीराचे आहेत. राग, खिन्नता, प्रसिद्धीची हाव यांची हजेरी कुठल्याही रजिस्टरात लागत नाही. मिशनने मागे ठेवलेल्या जमिनींवरून ख्रिस्ती माणसे एकमेकांविरुद्ध कोर्टात उभी राहतात तेव्हा दोन्ही बाजू निर्व्यसनी असू शकतात.

हा प्रश्न मराठीत सर्वांत धारदारपणे जगल्या त्या पंडिता रमाबाई. त्यांचे लहानपण व्रतवैकल्यांत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत हिंडले. दुष्काळात घर उद्ध्वस्त होत असताना हे कुटुंब उपास, दानधर्म आणि अनुष्ठाने करत राहिले. आईवडील आणि बहीण गेली, आणि रमाबाई भावाबरोबर पायी हजारो मैल फिरल्या. आत्मसंयमनाचे शिक्षण त्यांना कुणी मिशनऱ्याने द्यायची गरज नव्हती. ते त्यांच्या अंगात मुरलेले होते, आणि केवळ संयमाने देव प्रसन्न होतो यावरचा विश्वास उडालेलाही होता.

1883 मध्ये इंग्लंडमध्ये, वाँटिजच्या मठात राहत असताना त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथे त्यांची गाठ पडली दुसऱ्या प्रकारच्या शिस्तीशी. रमाबाई शाकाहारी, अंडे घातलेले पक्वान्नही त्या खात नसत. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना यात जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंना त्यात आपल्या सवयीचा आणि स्वातंत्र्याचा प्रश्न दिसत होता. 1885 च्या सुमारास दोघींत झालेला पत्रव्यवहार (तो पुढे अ. भि. शहा यांनी 1977 मध्ये संपादित केला) वाचण्यासारखा आहे. जेराल्डिन आज्ञापालन मागतात. रमाबाई सदसद्विवेकबुद्धीचा आधार घेतात. एका धर्मातल्या पुरोहितांच्या जोखडातून सुटून दुसऱ्या पुरोहितांच्या जोखडात मान द्यायची नाही, असा त्यांचा रोख. मठाच्या बाजूने पाहिले तर ही बाई उद्धट होती. आज वाचताना मात्र जाणवते की स्वतःच्या मनावर अधिक करडी नजर ठेवत होत्या त्या रमाबाईच.

पण रमाबाईंना केवळ बंडखोर म्हणून सोडून देता येत नाही, कारण पुढे केडगावला त्यांनी जे उभारले ते शिस्तीवाचून एक दिवसही चालले नसते. 1896 नंतरच्या दोन दुष्काळांनी तिथल्या त्यांच्या मुक्ती सदनात मुलींचा लोंढा आणला. सुमारे दोन हजार जणींचा तो संसार झाला. शेती, विणकाम, छापखाना, शाळा, स्वयंपाक, आणि या सगळ्यांना बांधणारी घंटा. 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र प्रार्थनेला यायचे आवाहन केले. सुरुवातीला सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनच्या अखेरीस प्रसिद्ध 'जागृती' घडली. रडणे, पापांची मोठ्याने कबुली, तासन्‌तास प्रार्थना. युरोपीय मिशनऱ्यांपैकी अनेकांना हा प्रकार उन्मादाचा वाटला. मिनी अॅब्रम्स या मेथडिस्ट बाईंनी त्याचे समर्थन करणारे पुस्तक 1906 मध्ये लिहिले, आणि ते जगभर पेंटेकोस्टल चळवळीत वाचले गेले. रमाबाईंनीही मुलींची बाजू घेतली. हिंदी बाईने देवापुढे कसे रडावे हे परदेशी माणसाने ठरवू नये, अशी त्यांची भूमिका होती.

मुक्तीची ही कहाणी सांगताना बहुतेक जण जूनच्या त्या रात्रींवर थांबतात. त्याआधीचे सहा महिने अधिक महत्त्वाचे वाटतात. कुणी आग लागण्याची वाट पाहत नव्हते. मुली रोज ठरल्या वेळी बसत होत्या, एकमेकींना हाक मारून आणत होत्या. आणि नंतरही घंटा थांबली नाही. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. आपल्याच छापखान्यात, आश्रमातल्या बायकांकडून खिळे जुळवून घेत त्या काम करत राहिल्या. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, 1922 मध्ये त्या स्वतः. पुस्तक छापून पुरे झाले ते 1924 मध्ये.

रमाबाईंशी धर्मचर्चा करणारे एक गृहस्थ होते नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे (1825–1895). काशीतल्या चित्पावन कुटुंबातला हा पंडित 1848 मध्ये ख्रिस्ती झाला आणि पुढे काउली फादर्स या अँग्लिकन संन्यस्त संघाकडे ओढला गेला. विद्वत्ता अफाट, राहणी विरक्त, आणि मनाची तपासणी अशी अखंड की शंका त्यांना आयुष्यभर सोडून गेल्या नाहीत. आत्मपरीक्षणाचेही अजीर्ण होऊ शकते, याचे मराठी ख्रिस्ती इतिहासातले उदाहरण शोधायचे तर गोऱ्यांजवळ थांबावे लागते.

नारायण वामन टिळकांचा पिंड अगदी उलटा. तापट, उदार, घरात आलेला पैसा संध्याकाळपर्यंत वाटून टाकणारे. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये हा माणूस जसा भेटतो तसा कुठल्याही चरित्रात भेटत नाही, कारण लक्ष्मीबाई नवऱ्याच्या संतपणाला आणि संतापाला एकाच हसऱ्या डोळ्याने पाहतात. 1895 च्या फेब्रुवारीत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तुकाराम हा आपल्याला ख्रिस्तापर्यंत नेणारा पूल, असे ते मानत. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगाराची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. दीड-दोन वर्षांतच, 1919 च्या मे महिन्यात, ते गेले. हा प्रयोग पुरता फुलला नाही. पण संयमाला वारकरी वळण देण्याची, म्हणजे मिशनच्या नियमावलीऐवजी भजन आणि संगत यांतून माणूस घडवण्याची, कल्पना त्यातून स्पष्ट दिसते.

आणि लक्ष्मीबाई? सोवळेओवळे हाडीमाशी खिळलेली ही बाई नवऱ्याबरोबर नव्हे, तर काही वर्षांनी, स्वतः विचार करून ख्रिस्ती झाली. जातिभेद माणसाने केला आहे हे पटल्यावर तिने एकेक सवय सोडली. ख्रिस्ती आत्मसंयमनावरच्या पुस्तकांत हे प्रकरण सहसा नसते. असायला हवे. उपास धरणे तुलनेने सोपे. परक्या हातचे पाणी घोटणे, आणि तेही चेहऱ्यावर उपकाराचा भाव न आणता, ही शिस्त कितीतरी कठीण होती.

कॅथलिकांकडे वेळापत्रक अधिक पक्के आहे. वसईत भस्म बुधवारपासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. चर्चच्या 1983 च्या कायदेसंहितेने सक्तीचे उपास फार थोडे ठेवले आहेत: भस्म बुधवार आणि उत्तम शुक्रवार, तेही 18 ते 59 वयाच्या लोकांना. उरलेले स्वेच्छेवर. स्वेच्छेवर सोडलेल्या गोष्टीचे काय होते हा वेगळा प्रश्न. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन 2024) यांच्यासारख्यांनी 'सुवार्ता' मासिकातून आणि हरित वसईच्या लढ्यातून दाखवले की पहारा फक्त आपल्या जिभेवर ठेवून भागत नाही. गावाची विहीर आणि वाडी कोण गिळतो आहे, तिकडेही लक्ष हवे. यशया संदेष्ट्याने खरा उपास कोणता हे सांगताना जुलमाच्या बेड्या तोडण्याची गोष्ट काढली होती, तिचा हा वसईतला अर्थ.

येशूसंघीयांची पद्धत मात्र खास उल्लेखाची. संघाचा संस्थापक इग्नेशियस याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात दिवसातून दोनदा मनाची झडती घ्यायला सांगितले आहे आणि एका विशिष्ट दोषासाठी वहीत रेघा आखून ठिपके मांडायलाही. हिशेबनीसाची ही पद्धत चारशे वर्षे चालली. मग मुंबईत 1931 साली जन्मलेल्या अँथनी डी मेलो यांनी पुण्यात आणि नंतर लोणावळ्यात 'साधना' संस्था चालवताना तिला वेगळे वळण दिले. ठिपके मोजू नका, नुसते पाहा. श्वास पाहा, राग येताना पाहा. विपश्यनेची छाया त्यावर उघड होती. त्यांचे 'साधना' हे पुस्तक 1978 मध्ये आले आणि जगभर गेले. 1987 मध्ये ते वारले. 1998 मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या काही लेखनाबद्दल सावधगिरीची सूचना काढली. देव व्यक्ती आहे, नुसती जाणीव नाही, हा त्या सूचनेचा सूर. आक्षेपात तथ्य आहे, कारण ख्रिस्ती जागल कुणाची तरी वाट पाहत केलेली असते. पण ठिपक्यांच्या वहीत घुसमटलेल्या असंख्य साधकांना डी मेलोंनी श्वास घ्यायला जागा दिली, हेही तितकेच खरे.

आज विदर्भ-मराठवाड्याच्या खेड्यांत वाढताहेत त्या स्वतंत्र, पेंटेकोस्टल धाटणीच्या मंडळ्या. तिथले शब्द वेगळे: उपास प्रार्थना, चेन प्रेयर, फुल नाईट. उत्साह दांडगा. शुक्रवारी दिवसभर पोटात काही नाही आणि दुपारभर गुडघ्यांवर, असे करणाऱ्या बाया शेतमजुरीही चुकवत नाहीत. टीका करायची तर एवढीच की उपासाचा पुष्कळदा नवस होतो. इतके शुक्रवार धरले, आता पोराला नोकरी लागली पाहिजे. ल्यूथर ज्या हिशेबातून बाहेर पडला तोच हिशेब, मराठमोळ्या ओळखीच्या वाटेने परत आत येतो. येशूने उपास करताना डोक्याला तेल लावून, तोंड धुऊन, लोकांना कळू न देता करायला सांगितले होते. उपासाचे फोटो व्हॉट्सअॅप गटावर जातात.

त्याहून नाजूक प्रश्न पाळकांचा. अमेरिकन धर्मप्रचारक बिली ग्रॅहॅम आणि सहकाऱ्यांनी 1948 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टोत बसून स्वतःवर नियम घालून घेतले: पैशांचा हिशेब उघड, परस्त्रीबरोबर एकट्याने प्रवास किंवा जेवण नाही, आकडे फुगवायचे नाहीत. त्या काळात हे थोडे हास्यास्पद वाटले असेल, आज तसे वाटत नाही. चेन्नईकडचे, जगभर गाजलेले वक्ते रवी झकरायस 2020 मध्ये वारले. 2021 च्या फेब्रुवारीत त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या अहवालात अनेक वर्षांचे लैंगिक गैरवर्तन समोर आले. प्रश्न विचारणारे आधीही होते. संस्था त्या विचारणाऱ्यांच्या बाजूने उभी राहिली नव्हती. वाळवंटातला संन्यासी जे वृद्धाकडे जाऊन सांगे ते या माणसाने सांगावे अशी व्यवस्थाच नव्हती.

वेस्लीच्या रचनेत क्लासचा प्रमुख दर आठवड्याला पाळकाला भेटून हिशेब देई, आणि 1744 पासून भरणाऱ्या परिषदेत प्रचारकांचे आचरण तपासले जाई. स्वतः वेस्लीला कोण विचारत होते, हे मात्र विचारू नये. त्याच्या बायकोने विचारले तेव्हा घरात फारसे गोड झाले नाही. जुन्या पंथांच्या चर्चमध्ये ही परिषद, बिशप, डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट अजून कागदावर तरी आहेत. तालुक्याच्या गावात भाड्याच्या खोलीत मंडळी चालवणाऱ्या पाळकाला मात्र वर कुणी नाही आणि बरोबरीचेही कुणी नाही. दान तोच घेतो, वहीही तोच लिहितो, लग्ने आणि मर्तिके तोच सांभाळतो. खऱ्या संकटात तो एकटा पडतो आणि मोहातही. अशा मंडळीत प्रत्यक्ष जो काही क्लास चालतो तो बहुधा बायकांच्या घरगुती प्रार्थनेत. तिथे कुणाच्या घरी काय चालले आहे हे आठवड्याच्या आठवड्याला कळते, कुणी आले नाही तर दोघी जणी दार वाजवायला जातात, आणि पाळकाच्या बायकोने त्या दिवशी का डोळे पुसले, हेही पहिल्यांदा तिथेच लक्षात येते.